साडूचे किलोमीटर

आमच्या सासुरवाडीत पळणारा जावई म्हणजे मी. हे मी म्हणत नाही, सासरे म्हणायचे. घरी कुणी नवं माणूस आलं की ते माझी ओळख करून देताना आधी माझं पळणं सांगत आणि मग मी चष्म्याच्या दुकानात काचा कापून फ्रेममध्ये बसवतो ते सांगत. दुसरी गोष्ट पुष्कळदा राहूनच जाई. मला त्याचं वाईट वाटत नसे. काचा कापणारे शहरात ढीगभर आहेत, पण पहाटे उठून तळ्याला वेढा घालून घरी येणारा त्या घरात मी एकटा होतो.

आणि मग माझा साडू पळायला लागला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. औषधांच्या दुकानात काउंटरला असतो. मनातल्या मनात मी त्याचं नाव अर्धी गोळी ठेवलं आहे. गिऱ्हाइकाला 'आधी अर्धी घेऊन बघा, सोसली तर पूर्ण घ्या' असं सांगता सांगता त्या माणसाचं सगळंच अर्धं झालं आहे. चहा अर्धा कप घेतो. वाद झाला तर दोघांनाही अर्धं अर्धं बरोबर ठरवतो. हसतोही अर्धाच, म्हणजे एका बाजूने. त्याच्यावर चिडायला काही कारण सापडत नाही, आणि याच गोष्टीची मला चीड येते.

रक्ताच्या तपासणीत त्याची साखर काठावर निघाली म्हणून त्याने पळणं सुरू केलं. पहिल्या आठवड्यात मी त्याला तळ्याकाठी पाहिलं. पळतोय म्हणावं तर चालत होता, आणि चालतोय म्हणेपर्यंत पुन्हा पळायला लागला. थोडं पळायचं, थोडं चालायचं, अशी त्याने स्वतःलाच चिठ्ठी लिहून दिली होती. मी त्याच्या शेजारून सुसाट गेलो आणि जाताना पाठीवर थाप मारली. त्या दिवशी माझा दिवस फार चांगला गेला.

त्याने माझ्यासारखंच घड्याळ घेतलं. मनगटावर बांधलं की किती पळालो ते मोजतं आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर चढवतं, ते. अ‍ॅपवर आम्ही एकमेकांना दिसू लागलो. त्याच सुमारास माझ्या बायकोने एकदा माझं घड्याळ मागितलं होतं. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, चारला सुटते. मी रात्री आठपर्यंत दुकानात असतो. ती म्हणाली, "संध्याकाळी घरी ठेवून जाल का ते? दुकानात तुम्हाला त्याचा काय उपयोग?" मी म्हटलं, "तुला कशाला हवंय? स्वयंपाकघरात किती पावलं होतात ते मोजायला?" मी हसलो. तीही हसली असेल, मी पाहिलं नाही. विनोद चांगला जमला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानातही सांगितला.

अ‍ॅप दर रविवारी आठवड्याची बेरीज दाखवतं. माझी तिशीच्या आसपास असायची, वर्षानुवर्षं. अर्ध्या गोळीची सुरुवातीला इतकी किरकोळ होती की मी कौतुकाचा अंगठा द्यायचो. मोठ्या माणसाने लहान पोराला चॉकलेट द्यावं तसा. मग ती बेरीज वाढू लागली. थोडी थोडी. तीन आठवडे वाढायची आणि चौथ्या आठवड्यात एकदम खाली यायची. खाली आली की मला बरं वाटे. दमला, म्हणायचो. संपली हौस. आणि पुढच्या रविवारी बघावं तर पुन्हा वर, आधीपेक्षा जरा जास्तच.

एका रविवारी त्याचा आकडा माझ्यापुढे गेला. मी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. आकडा तसाच.

मला जे काही झालं त्याला पित्त म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो निव्वळ जळफळाट होता. लोक पैशावरून जळतात, घरावरून जळतात. मी अर्धा कप चहा पिणाऱ्या माणसाच्या किलोमीटरवरून जळत होतो, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पुढच्या जेवणाला सासऱ्यांकडे सगळे जमलो तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय, हल्ली बरंच पळतोस म्हणे?"

"आपलं हळूहळू, दादा," तो म्हणाला. "थोडं वाढवायचं, शरीराला सोसलं का बघायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. डोस एकदम वाढवला की अंगावर येतो. आणि बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की समजायचं, जास्त होतंय."

"अहो, मग तुम्ही दोघं एकत्रच का नाही पळत?" सासूबाईंनी विचारलं.

"दादांचा वेग मला कुठला झेपायला," तो म्हणाला. धाकटी, म्हणजे त्याची बायको, गालातल्या गालात हसली आणि तिने माझ्या बायकोकडे पाहिलं. माझी बायको ताटात बघत होती. त्या दोघींच्या हसण्या-न-हसण्याचा अर्थ मी लगेच लावला. माझी कीव येतेय यांना. सासरे मात्र उघड बोलले, "वा! आता आमचे दोन्ही जावई पळतात." दोन्ही. तो शब्द माझ्या कानात घरी येईपर्यंत वाजत राहिला.

शहरातली अर्ध मॅरेथॉन अडीच-तीन महिन्यांवर आली होती. आम्ही दोघांनीही नाव दिलं होतं. तिथे सगळं सासर बघायला येणार, हे ठरलेलं. मी ठरवलं, त्या दिवशी या माणसाला इतकं मागे टाकायचं की सासऱ्यांच्या तोंडी पुन्हा एकच जावई आला पाहिजे.

मी वाढवायला सुरुवात केली. त्याने चाळीस दाखवले की मी पंचेचाळीस. त्याने पन्नास की मी पंचावन्न. आतापर्यंत मी नुसती बेरीज बघत होतो, मग त्याचं संध्याकाळचंही पळणं माझ्या लक्षात आलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. संध्याकाळचं इतकं सावकाश की मी त्या वेगाने पळालो तर पडेन. मला वाटलं, यात काहीतरी गोम आहे. मोठे धावपटू बरंचसं पळणं मुद्दाम सावकाश करतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे हा गुपचूप शास्त्र शिकतोय. संध्याकाळी औषधांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, मग हा काउंटर सोडून पळतो कसा, असा प्रश्नही मला पडला. पण जळणाऱ्या माणसाला उत्तर पटकन मिळतं. मी म्हटलं, मालकाला पटवला असणार, गोडबोल्या आहेच.

संध्याकाळी मला दुकान सोडता येत नव्हतं. म्हणून मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पळू लागलो. डबा पळून आल्यावर उभ्याने खायचो. सुट्टीचा दिवस ठेवणं मी बंद केलं. तो चौथ्या आठवड्यात कमी करायचा तेव्हा तर मी आणखी वाढवायचो, कारण तेवढीच पुढे जायची संधी.

रविवारी माझी बेरीज साठच्या वर गेली तेव्हा त्याची पासष्ट होती.

माझे पाय हळूहळू माझे राहिले नाहीत. दुकानाचा जिना चढताना कठड्याला धरू लागलो. पळायला निघालो की पहिली दहा मिनिटं पोटऱ्यांत वाळू भरल्यासारखं वाटायचं. दिवसभर झोप यायची आणि रात्री गादीवर पडलं की टक्क जाग. शेजारी बायको मात्र ढाराढूर. हल्ली ती जेवायचीही चांगलं आणि झोपायचीही चांगलं. संध्याकाळी "धाकटीकडे जाऊन येते" म्हणायची आणि मी घरी येईपर्यंत न्हाऊन, केस ओले, गुणगुणत असायची. मला तिचाही राग यायला लागला. घरात एक माणूस जिवाच्या आकांताने पळतोय आणि दुसरं गुणगुणतंय.

एकदा तिने पहाटे माझं मनगट धरलं. मला वाटलं माया आली. ती घड्याळाकडे बघत नाडी मोजत होती.

"फार जलद चाललीय," ती म्हणाली. "उठायच्या आधी नाडी अशी वाढलेली असली तर त्या दिवशी पळू नये. शरीराला आराम मिळालेला नाही असं समजायचं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं कुठेतरी."

"दातांच्या दवाखान्यात पायांची पुस्तकं ठेवतात का?"

ती कूस बदलून झोपली. मी उठून बूट घातले.

दुकानात त्याच आठवड्यात मी एका बाईंच्या चष्म्याच्या काचा उलट्या बसवल्या. उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. बाई चष्मा घालून दोन पावलं चालल्या आणि काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मालक सगळ्यांदेखत काही बोलले नाहीत, आतल्या खोलीत येऊन म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?" मी त्यांच्यावरही खेकसलो. त्यांना काय सांगणार होतो? की माझा साडू पासष्टवर गेलाय?

उजव्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर, एक जागा दुखत होती. अख्खा पाय दुखला तर मला फिकीर नसते, तो तर पळणाऱ्याचा दागिनाच. पण ही जागा बोटाच्या टोकाएवढी होती आणि रोज तिथेच होती. आधी पळताना दुखायची, मग चालताना, मग नुसतं बसल्यावरही. मी त्यावर मलम चोळलं आणि कुणाला सांगितलं नाही.

स्पर्धेला तीन आठवडे होते तेव्हा तळ्याच्या पलीकडच्या टोकाला त्या जागेत कळ आली. उभं राहायचं म्हटलं तरी पाय टेकवेना. एका पायावर लंगडी घालत बसथांब्यापर्यंत आलो. बसमध्ये एका शाळकरी मुलीने उठून मला जागा दिली. तेवढी एक गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

डॉक्टरांनी फार काही केलं नाही. एका बोटाने नडगी दाबत खाली आले, त्या जागेवर आले आणि मी ओरडलो. मग फोटो काढले. हाडाला बारीक तडा जायला लागला होता.

"मागच्या दोन महिन्यांत पळणं किती वाढवलंत?" त्यांनी विचारलं.

"दुप्पट."

"कशासाठी?"

डॉक्टरांसमोर खोटं बोलू नये म्हणतात. मी नडगीकडे बघत राहिलो. त्यांनी पायाला गुडघ्याखालपर्यंत येणारा जाडजूड बूट चढवला आणि दीड महिना पळायचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. "हाड भरायला वेळ लागतो," ते म्हणाले. "तुम्ही त्याला वेळच दिला नाहीत." स्पर्धा गेली.

दोन दिवसांनी अर्धी गोळी भेटायला आला. बरोबर धाकटी होती. मी पाय उशीवर ठेवून बसलो होतो. त्याने माझ्या पायाकडे पाहून असं तोंड केलं की मला ते पाहवेना, कारण त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"दादा, इतकं कशाला वाढवलंत?" तो म्हणाला. "मी अ‍ॅपवर बघत होतो. मला काळजी वाटत होती, पण तुम्हाला सांगणारा मी कोण?"

माझा तोल सुटला. "तू आठवड्याला पासष्ट-सत्तर पळून ठणठणीत, आणि मी साठला मोडतो. आणि वर मलाच विचारतोस, कशाला वाढवलं म्हणून. तुला बरं सोसतं सगळं?"

तो गोंधळला. "सत्तर? दादा, मी चाळीसच्या वर कधी गेलोच नाही."

"मग अ‍ॅप खोटं बोलतंय का? सकाळी पळतोस, संध्याकाळी पळतोस—"

"संध्याकाळी मी दुकानात असतो."

धाकटी खिडकीबाहेर बघू लागली. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो शांतपणे टेबलावर ठेवला आणि अर्धा भरलेला कप साडूच्या पुढे सरकवला.

"संध्याकाळचे माझे आहेत," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"मी पळते. सहा-सात महिने झाले. धाकटी सायकलवरून बरोबर येते. आधी थोडं पळायचं, थोडं चालायचं, असं केलं. आता सलग जमतं. घड्याळ यांचं घालते, दुकानात त्यांना लागत नाही म्हणून. दोघांचं मिळून एकाच नावावर चढतं, पण ती बेरीज तुम्ही एकट्या यांचीच समजत असाल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

म्हणजे मी इतके दिवस ज्या माणसाच्या मागे लागलो होतो, तसा माणूस नव्हताच. अर्धा माझा साडू होता आणि उरलेली माझी बायको. त्या दोघांची बेरीज गाठायला मी एकटा निघालो होतो.

हे समजल्यावर हसायला यायला हवं होतं. धाकटीला आलंही. मला मात्र नवीनच ठिकाणी झोंबलं. बायको पळते याचं मला काही नव्हतं. पण ती धापा टाकायला शिकली, सलग पळायला शिकली, आणि हे सगळं अर्ध्या गोळीला माहीत होतं. पहिल्यांदा न थांबता तळ्याला वेढा घातला असेल तेव्हा ती ते त्याला सांगायला गेली असेल. सहा महिने तो तिच्या पळण्याचा हिशेब आपल्या मनगटावर घेऊन फिरत होता, आणि तिच्या शेजारी झोपणाऱ्या मला तिचे ओले केस दिसत होते, बस.

ते दोघं गेल्यावर मी म्हटलं, "आपल्या घरात घड्याळ नव्हतं का?"

"होतं की."

"मग मागायचंस."

"मागितलं होतं," ती म्हणाली आणि कप विसळायला आत गेली.

मला आठवायला फार वेळ लागला नाही. एखादा विनोद आपल्यालाच इतका आवडलेला असतो, की तो विसरायची सोय नसते.

तिने दहा किलोमीटरसाठी नाव दिलेलं होतं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी माझं घड्याळ तिच्यापुढे ठेवलं. साडूला त्याचं स्वतःला लागणार होतं. तिने ते घालून पाहिलं तर शेवटच्या भोकातही ढिलं, कोपरापर्यंत घसरत होतं. मी दुकानातून आणलेल्या बारीक ड्रिलने पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडली. बिनफ्रेमच्या चष्म्याच्या काचांना पाडतो तशी, अगदी साफ. तिने बक्कल लावलं, हात हलवून पाहिला आणि म्हणाली, "बसलं." माझ्या मनगटावरचा तो घड्याळाखालचा पांढरा पट्टा मला पहिल्यांदाच दिसला.

सकाळी मी सासरच्या सगळ्या माणसांबरोबर रस्त्याच्या कडेला उभा होतो, जाडा बूट घालून. समोरून लाल, निळे, पिवळे शर्ट जात होते. काही जण सुरुवातीलाच इतके तुटून पडले होते की मला त्यांच्या नडग्यांची काळजी वाटली. मग ती दिसली. शेजारच्या कुण्या अनोळखी बाईशी बोलत येत होती. पळताना पूर्ण वाक्यं, मधे न तुटणारी. समोर आली तेव्हा तिने मला पाहून हात केला आणि बाईला काहीतरी सांगितलं. बाईने माझ्या बुटाकडे पाहिलं. दोघी हसल्या आणि पुढे गेल्या. मला इतक्या वर्षांत शर्यतीत एकदाही बोलावंसं वाटलं नाही, आणि बोलायला श्वासही उरलेला नसायचा. तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा साडूचा कधी वाटला नव्हता.

साडूही नीट पोचला. माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा बराच उशिरा, पण हसत, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी.

दुपारी सासऱ्यांकडे जेवायला जमलो. शेजारी नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ भेटायला आले होते. सासऱ्यांनी ओळख करून दिली. "ही आमची थोरली. आज दहा किलोमीटर पळाली. हे धाकटे जावई, हेही पळतात." मग माझ्याकडे वळून ते जरा थांबले. "आणि हे थोरलीचे मिस्टर. चष्म्याच्या काचा फार छान बसवतात."

गृहस्थांनी माझ्या पायाकडे पाहून विचारलं, "काचा बसवताना लागलं का?"

घरी आल्यावर ती पाय पसरून खुर्चीत बसली. स्वयंपाक मी करायचा असं ठरलं होतं. बूट आपटत मी ओट्यापासून फडताळापर्यंत, फडताळापासून सिंकपर्यंत येरझारा घालत होतो. मीठ सापडत नव्हतं. तेवढ्यात मला तिच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं.

"काढून ठेव ना ते. चार्जिंगला लावतो," मी म्हटलं.

तिने पट्ट्याच्या नव्या भोकांवरून बोट फिरवलं. "राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "तुम्हाला स्वयंपाकघरातली पावलं मोजायची असतील तेव्हा मागा."

ती हसली. मीही हसलो की नाही, ते तिने पाहिलं नाही.